गळ टाकायला जायचंय? आधी घरात बसून बेत करा

मैत्रिणींनो, सहलीचा बेत म्हणजे नेमकं काय, याबद्दल आपल्याकडे दोन मतं असतात. पुरुषमंडळींच्या मते बेत म्हणजे कुठं जायचं ते ठरवणं. आपल्या मते बेत म्हणजे किती डबे, किती चादरी, कुणाच्या गोळ्या, कुणाला काय पचत नाही आणि परत आल्यावर धुण्याचा ढीग केवढा होणार. पहिल्या मताला टाळ्या मिळतात, दुसऱ्याच्या वाट्याला कंबरदुखी येते. म्हणून आज ठरवलं, की एका सहलीचा बेत अथपासून इतिपर्यंत लिहून काढायचा. सहलही अशी, की जिच्यात बाईमाणसाला फक्त मसाला वाटायला नेतात, असा समज आहे. मासे धरायची सहल!

हसू नका हं. हा नाद वाढतोय. पावसाळा सरला की वरळी सी-फेसच्या कठड्यापाशी काठ्या घेऊन उभी असलेली माणसं पाहा. आमच्या शाळेत मुलांना न्यायला येणाऱ्या आयांपैकी दोघीतिघींनी मला हेच विचारलं, "यजमानांना मासे गरवायला नदीवर जायचंय, मुलंही हट्ट धरून बसलीत. आम्ही काय करायचं तिथं?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैसा आहे, जिवाची काळजी आहे आणि आपली वर्षातली एकुलती एक सुट्टीही आहे.

आमच्या घरात हा विषय आला तो थेट आफ्रिकेतून. चिरंजीव सहावीत आहेत. त्यांनी टीव्हीवर झांबेझी नदीकाठचं एक लॉज पाहिलं. लाकडी ओटा, समोर संथ पाणी, पाण्यात पाणघोडे आणि होडीत बसून टायगरफिश नावाचा मासा धरणारी माणसं. झालं! "आई, आपण जाऊ या ना!" आमच्या ह्यांनी नाही न म्हणता शांतपणे कागद-पेन्सिल घेतली. मला ही गोष्ट आवडली. मुलाला नुसतं "गप्प बस" म्हणण्यापेक्षा हिशेब मांडून दाखवला की त्याला कळतं.

तो हिशेब तुम्हालाही सांगते. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, न जाणो, योग आलाच तर उपयोगी पडेल. अशा लॉजमध्ये माणशी एका रात्रीचे पैसे घेतात, तेही डॉलरमध्ये आणि शेकड्यांनी. पुष्कळदा त्यात जेवण, होडी आणि वाटाड्या आला, पण विमानाचं भाडं वेगळं. केव्हा जायचं तेही आपल्या मनावर नाही. झांबियात डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत बहुतेक ठिकाणी मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. टायगरफिशसाठी लोक जातात ते मुख्यतः ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये. त्याचे दात इतके धारदार, की नुसता नायलॉनचा दोरा तो कापून टाकतो, म्हणून गळाच्या वर वीतभर पोलादी तार लावावी लागते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्या. युगांडा, केनियासारख्या देशांतून परत येताना आपल्याकडे पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. ती लस निदान 10 दिवस आधी घ्यायला हवी, नाहीतर दाखला ग्राह्य धरत नाहीत. 2016 पासून एकदा घेतलेली ही लस जन्मभर चालते. मात्र साठीच्या पुढच्या माणसांनी ती डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

कागद भरला तेव्हा मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण नाही जायचं." यावर कोपऱ्यातल्या खुर्चीतून आमचे सासरे बोलले, "झांबेझी कित्याक होयी? आपली कर्ली काय मेली?"

मालवण तालुक्यातली कर्ली ही बाबांची नदी. सह्याद्रीतून उतरते आणि देवबागेपाशी समुद्राला मिळते. तारकर्ली-देवबागची ती जमिनीची निमुळती पट्टी तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिली असेल, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी. बाबा 79 वर्षांचे. लालबागच्या गिरणीत साच्यावर उभं राहून त्यांनी उमेदीची वर्षं काढली. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला. चार-सहा महिने वाट पाहून ते बायकामुलांना घेऊन गावी गेले आणि दीड वर्ष कर्लीनंच घर चालवलं. पहाटे गरी घेऊन जायचं, मिळेल ते आणायचं, अर्धं विकायचं, अर्धं शिजवायचं. आमचे हे तेव्हा दोन वर्षांचे होते. त्यामुळे "मासे धरायची मजा" हा शब्द बाबांपुढे जरा जपूनच वापरावा लागतो.

तर असं आमचं ठरलं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस, पाच माणसं. आता बेत ऐका.

उतरायचं कुठं?

बाबांचं म्हणणं, गावात घर असताना भाड्यानं राहायचं कशाला? घर आहे, पण भावकीत वाटलेलं. तिथं चुलतदिरांच्या सुना राबतात. आपण पाच माणसं जाऊन पडायचं म्हणजे आपली सुट्टी आणि त्यांना वेठ. मी बाबांना एवढंच म्हटलं, "बाबा, आपण त्यांच्याकडे एक दिवस जेवायला जाऊ, साड्या-मिठाई घेऊन जाऊ. राहायचं मात्र दुसरीकडे." दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "सूनबाई म्हणतेय ते खरं आहे. तुझी सासू असती तर तिनंही हेच म्हटलं असतं."

त्या बाजूला घरगुती राहण्याची सोय भरपूर आहे. शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदवलेली घरंही असतात. फोन कराल तेव्हा चार गोष्टी नक्की विचारा. खोली तळमजल्यावर आहे का? संडास पाश्चात्य पद्धतीचा आहे का? नदीपर्यंत किती पायऱ्या उतराव्या लागतात? आणि आपण आणलेला मासा त्या रांधून देतात का, त्याचे वेगळे पैसे किती? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, बरं का. तो आधी विचारला नाहीत, तर संध्याकाळी पिशवीभर मासे तुमच्याच समोर येऊन पडतात आणि तुम्ही परक्या घरातली विळी शोधत बसता.

गाडी आणि तारखेची गंमत

दादरच्या बायकांना सोयीची गाडी म्हणजे सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस. ती मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणून शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. ही एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या पाहता पाहता भरतात. वडीलमाणसांसाठी खालचा बर्थ मागून घ्या. उतरायचं कुडाळला. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आहे, रिक्षा आहेत.

कधी जावं? पाऊस संपल्यावर नदी निवळते, तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. साधारण मेअखेर ते ऑगस्टअखेर तिथल्या पर्यटकांच्या होड्या बंदच असतात. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, कारण तोच माशांच्या विणीचा हंगाम. पाहा, झांबियाचे तीन महिने काय आणि आपले दोन महिने काय, कारण एकच. आपल्या कोळणी नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच नवा हंगाम धरतात, ते काही उगीच नाही.

कालनिर्णय काढा

खाडीच्या पाण्यात गळ टाकायचा तर घड्याळाआधी तिथी पाहावी लागते. बाबांनी मुलांना शिकवलेलं गणित तुम्हाला सांगते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. दिवसाही तीच आणि रात्रीही साधारण तीच. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हे मुंबईला छान जुळतं. मालवणकडे भरती थोडी आधी येते, म्हणून तिथल्या होडीवाल्याला विचारून पक्कं करावं. पुनव-अवसेला उधाणाची भरती, तेव्हा पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी शांत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर भांगाचे दिवस धरा. आम्ही तसंच केलं. मुलाला पाऊणपटीचा पाढा एरवी येत नव्हता, तो एका संध्याकाळीत पाठ झाला! मी शिक्षिका असून मला जे जमलं नव्हतं ते कर्ली नदीनं केलं म्हणायचं.

सामान काय न्यावं?

महागाच्या काठ्या घ्यायची गरज नाही. मुलांसाठी हातगरी पुरे. तीसेक मीटर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तो गुंडाळायला प्लॅस्टिकची रिकामी बाटली, शिशाची वजनं आणि मधल्या आकाराचे डझनभर गळ. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला आणि कोळीवाड्यांच्या आसपास हे सामान मिळतं. गळ रिकाम्या टाल्कम पावडरच्या डब्यात न टाकता थर्माकोलच्या तुकड्यावर टोचून ठेवा, म्हणजे पिशवीत हात घालताना बोटात जात नाहीत. आमिषाला कोळंबी किंवा तारलीचे तुकडे, ते तिथंच मिळतात.

याशिवाय सुती हातमोजे (तंगुसानं बोट चिरतं), पक्कड, जुनी चादर, प्रत्येकाची टोपी, मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी दोन ठिकाणी ठेवल्या, अर्ध्या माझ्या पर्समध्ये आणि अर्ध्या ह्यांच्या. गोळ्यांच्या नावांची चिठ्ठी दोन्हीकडे.

औषधांच्या डब्यात काय करायचं तेही लिहून ठेवा. गळ बोटात रुतला आणि काटा आत गेला तर ओढून काढू नका, तसाच ठेवून डॉक्टरांकडे न्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. शेंगाळा लागला तर मुलांना हात लावू देऊ नका. त्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांपाशी विषारी काटे असतात, टोचले तर ठणका लागतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका कमी होतो आणि मग डॉक्टरांना दाखवायचं.

होडीत बसण्याआधी

इथं मी जरा कठोर होणार आहे. मे 2022 मध्ये तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाणी ओळखीचं असलं म्हणून ते आपलं ऐकतं असं नाही. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि ते अंगात घालून बंद लावलेलं, मांडीवर ठेवलेलं नव्हे. होडीत किती माणसं बसवणार ते चढण्याआधी विचारा. गर्दी दिसली तर पैसे गेले तरी चालतील, उतरून या. देवबागला नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी ओहोटीची ओढ फार असते, तिथं मुलांना गुडघाभर पाण्यातसुद्धा सोडू नका.

आणि एक गोष्ट, जी पुरुषांनी लिहिलेल्या माहितीत कधीच नसते. होडीत संडास नसतो. आपण बायका मग सकाळपासून पाणीच पीत नाही आणि दुपारी डोकं धरून बसतो. तेव्हा होडीची फेरी दोन तासांच्या वर ठरवू नका. चार तास कशाला हवेत? मासा लागायचा तर भरती वळतानाच लागतो.

आमच्याकडे अडचण होती बाबांची. गुडघे दुखतात, तोल जातो. होडीत चढता-उतरतानाच भीती. डॉक्टरांनीही नको म्हटलं. हे त्यांना सांगायचं कुणी? ज्यानं त्या नदीवर दीड वर्ष घर पोसलं, त्याला "तुम्ही काठावर बसा" कसं म्हणायचं? आमचे हे टाळाटाळ करत राहिले. शेवटी मीच बोलले. आडून न बोलता सरळ सांगितलं, "बाबा, होडीत ह्यांनी जायचं. तुम्ही मुलांना काठावरून गरी शिकवायची. ह्यांना तुम्ही कधी शिकवलीच नाहीत, मग मुलांना दुसरं कोण शिकवणार?" ते काही बोलले नाहीत. पण गाडीत बसताना त्यांच्या पिशवीत एक जुना डबा होता आणि त्यात गंज खाल्लेले चार गळ.

धरलेला मासा सोडायचा की खायचा?

यावरून आमच्या घरी खरा वाद झाला. आफ्रिकेतल्या त्या लॉजमध्ये पुष्कळदा मासा धरून, मोजून, फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडतात. मुलाला ते फार पटलं होतं. बाबा म्हणाले, "गळाक लागलेलो मासो कोण परत सोडता? खेळ म्हणून धरायचा आणि सोडायचा, हे पोट भरलेल्याचं काम." खरं सांगू? मला त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही. पण मुलाचंही खोटं वाटलं नाही.

मग थोडं वाचन केलं. आपल्या खाडीतला जिताडा आणि युगांडात नाईल नदीवर लोक ज्याच्यासाठी जातात तो नाईल पर्च, दोघं एकाच कुळातले, अगदी चुलतभाऊ. या जिताड्याची गंमत अशी, की तो आधी काही वर्षं नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला सगळ्यांत मोठा जिताडा ही बहुधा आई असते आणि ती एकेका वेळी लाखो अंडी घालते. फोटोसाठी आपण नेमकी तीच धरतो!

आपल्या लोकांना हे भान नवं नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत, आणि वाडा तालुक्यात तिळसे इथं वैतरणेच्या पात्रात महसीर मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत, तिथं कुणी गळ टाकत नाही. हाच दख्खनचा महसीर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये शास्त्रज्ञांपुढे मांडला, तो पुण्याच्या मुळा-मुठेतला. पुढे धरणं झाली, नद्या मैल्या झाल्या, मासा कमी झाला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याची पैदास करून पिल्लं सोडायला सुरुवात केली. म्हणजे राखणं हा काही भरल्या पोटाचा चोचला नव्हे. पाऊस लागला की वलगणीला मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, तेव्हा त्यांच्या पोटात गाबोळी असते. टोपल्या भरभरून तेच मासे आणायचे आणि पुढं "हल्ली मासा मिळत नाही" म्हणायचं, हे आपणच करतो.

आम्ही घरात तीन नियम केले. वीतभरापेक्षा लहान मासा परत जायचा. फार मोठा जिताडा लागला तर तोही परत. मधला तेवढा घ्यायचा आणि एका जेवणापुरताच. बाबांनी नियम ऐकून घेतले, हो म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी खुर्ची टाकून बाबा बसले. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला तिसरीतली मुलगी. मुलाचा धीर पाचव्या मिनिटाला सुटला. मुलगी मात्र दोऱ्यावर बोट ठेवून गप्प बसून राहिली आणि पहिला मासा तिलाच लागला. तांबोशीचं पोर, वीतभरसुद्धा नव्हतं. तिनं आजोबांकडे पाहिलं. बाबांनी हात ओला केला (कोरड्या हातानं धरलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, हे मला तेव्हा कळलं), गळ हलकेच सोडवला आणि वाकता येत नव्हतं म्हणून तिच्याच ओंजळीत तो देऊन म्हणाले, "जाऊ दे त्याला. दोन वर्षांनी ये म्हणावं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या वर्षी असलेसुद्धा नेले होते घरी. तेव्हा इलाज नव्हता."

मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलला नसता.

आणि आपण काय करायचं?

आपण सुट्टी घ्यायची! आमच्या घरचा चौथा नियम असा होता, की जो धरेल तो साफ करेल. आमच्या ह्यांनी होडीतून दोन तांबोशा आणि तीन बोया आणल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या अंगणात बसून खवले काढले. अर्धे खवले केसांत गेले, पण काढले. रांधलं घरमालकीणबाईंनी, ठरल्याप्रमाणे पैसे घेऊन. मी एका सकाळी त्यांच्या सुनेबरोबर ओहोटीला तिसऱ्या वेचायला गेले. त्या बाजूच्या कितीतरी बायका हे करतात, दोन-दोन तास पाण्यात वाकून. गरीवाल्यांचे फोटो निघतात, यांचे कुणी काढत नाही. उरलेल्या सकाळी मी चक्क पुस्तक वाचलं.

माझं माहेर गिरगावातलं, मासा फक्त ताटात पाहिलेला. तेव्हा घरमालकीणबाईंकडून तांबोशीचं तिखलं लिहून आणलं, ते देते. अर्धा किलो तांबोशीच्या तुकड्यांना हळद-मीठ लावून ठेवा. अर्ध्या नारळाचं खोबरं, सात-आठ बेडगी मिरच्या, चमचाभर धणे आणि थोडी हळद बारीक वाटा. वाटण पाण्यात कालवून उकळी आणा, चार-पाच आमसुलं घाला, मग तुकडे सोडा. सहा-सात तिरफळं, आतली काळी बी काढून, नुसती ठेचून शेवटी टाका. वाटू नका, कडवटपणा येतो. वरून चमचाभर कच्चं खोबरेल. पळी न फिरवता भांडंच हलवायचं, म्हणजे तुकडे मोडत नाहीत.

लांब जाणं जमत नसेल तर? पवई तलाव मुंबईतच आहे. तिथं महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन कित्येक दशकं गळ टाकणाऱ्यांची संस्था म्हणून काम करते आहे. परवानगीशिवाय मात्र तिथं गळ टाकू नका आणि मुलांना पाण्याच्या कडेला सोडू नका, कारण त्या तलावात मगरी आहेत. आफ्रिकेची हौस तेवढ्यावर भागायला हरकत नाही!

निघण्याआधी घरात एकदा सगळ्यांना बसवून कागदावर पाच ओळी लिहा. पैसे किती, कोण कुठं झोपणार, होडीत कोण जाणार, मासा कोण साफ करणार आणि आई काय करणार. शेवटची ओळ रिकामी राहिली तर तिकीट काढू नका. आणि घरात एखादं वडीलमाणूस नदीचं, समुद्राचं, गावचं नाव काढत असेल, तर पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. खुर्ची काठावर टाकता येते. तेवढ्यानंही पुष्कळ होतं.